एक्सपी१०० भरून पोलो खरंच जास्त पळते का? की सरळ स्टेज १ मारून घेऊ?

घाटातला_पोलो (कोल्हापूर)

मंडळी नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहायला घेतलंय, चुकलं तर सांभाळून घ्या.

गाडी फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल), २०२१ ची, ६ गिअर मॅन्युअल, ५२ हजार किमी. वॉरंटी संपली. महिन्यातनं दोनदा कोल्हापूर-पुणे आणि रविवार मोकळा मिळाला की आंबा घाट नाहीतर गगनबावडा. कागदावर ११० पीएस (पॉवर) आणि १७५ एनएम (टॉर्क, म्हणजे ओढ). गाडी लई आवडते, तक्रार काहीच नाही, पण माणसाचं मन भरतंय होय?

तर झालं असं की पुण्यात एका पंपावर एक्सपी१०० (इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं पेट्रोल) मिळालं, म्हटलं बघू तरी काय भानगड आहे. तीन टाक्या झाल्या आता. लिटरला पन्नासच्या वर जास्त जातात, बायकोला अजून सांगितलेलं नाही. पण गाडी हलकी वाटतीय राव, थ्रॉटलला लगेच उठतीय, आवाज पण गुळगुळीत. इथं घराजवळच्या पंपावर मात्र साधं नाहीतर एक्सपी९५ एवढंच, त्यामुळं १०० फक्त पुण्याला गेलो की.

आता पुण्यातला एक ट्यूनर म्हणतोय स्टेज १ करून घ्या, काही खोलायचं नाही, नुसतं सॉफ्टवेअर, १४० पीएसच्या पुढं जाईल, आणि १०० ऑक्टेनची वेगळी फाइल टाकली तर अजून ८-१०. दोस्त म्हणतोय पैसे कशाला घालवतोस, ऑक्टेन बूस्टरची बाटली ओत टाकीत, तेच काम होतंय.

खरं काय आहे? नुसत्या पेट्रोलनं पॉवर वाढते का? आणि रीमॅप (तेच, सॉफ्टवेअर बदलणं) करायचाच झाला तर ९५ वर का १००? जाणकारांनी जरा फोडून सांगा, मी कॉमर्सवाला आहे.


टर्बोतात्या (पुणे)

फोडूनच सांगतो, चहा घेऊन बस.

ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोल दाब आणि उष्णता किती सोसतं, स्पार्कच्या आधी किंवा स्पार्कच्या ज्योतीच्या पुढं आपणहून पेट न घेता, एवढंच. त्यात ऊर्जा जास्त असते असं काही नाही. १०० ऑक्टेनच्या लिटरमध्ये ९१ च्या लिटरपेक्षा जास्त ‘दम’ भरलेला नसतो. लोकांना वाटतं ते रॉकेटचं इंधन आहे, तसं नाहीये.

आता टर्बोत, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्यात, काय होतं बघ. हवा दाबली की तापते, सायकलच्या पंपाचं तोंड गरम होतं ना तसं. ती आधीच दाबलेली हवा सिलिंडरमध्ये परत दाबली जाते, तुझ्या गाडीचा कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो तो आकडा) १०.५ च्या आसपास आहे, म्हणजे टर्बो असूनही चांगलाच वरचा. स्पार्क पडतो, ज्योत पसरायला लागते, पण कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबून दाबून इतकं तापतं की ज्योत पोचायच्या आत ते एकदम धाडकन पेटतं. हा नॉक. जुन्या गाड्यांत चढाला वरच्या गिअरमध्ये पाय दिला की डबीत खिळे हलवल्यासारखा आवाज यायचा, आठवतंय? तोच.

नव्या गाड्यांत तो आवाज तुला ऐकूच येत नाही कारण ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो, त्याला कंप कळला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) त्या सिलिंडरचा स्पार्क थोडा उशिरा पाडतो. आपल्याकडे ‘टायमिंग मागे घेतलं’ म्हणतात. टायमिंग मागे गेलं की इंजिन वाचतं, पण दाब पिस्टन खाली निघाल्यावर तयार होतो, म्हणजे ढकलण्यातला जोर वाया जातो, आणि उरलेली उष्णता एक्झॉस्टमधून टर्बोच्या डोक्यावर.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की साध्या पेट्रोलवर तुझा ईसीयू टायमिंग मागे घेत असेल तर १०० भरल्यावर तो ते परत पुढे आणेल आणि हरवलेली पॉवर परत मिळेल. पण कंपनीनं जेवढी वरची मर्यादा ईसीयूच्या नकाशात (आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) लिहिलीय तिच्या पुढे तो एक डिग्रीही जाणार नाही, बूस्टही (टर्बोनं दिलेला हवेचा दाब) वाढवणार नाही. त्याला माहीतच नाही टाकीत तू काय महागाचं ओतलंयस. १०० भरून ११० चे १२५ होणार नाहीत. फार तर उन्हाळ्यात १०० झालेले परत ११० होतील.

आणि ‘हलकी वाटते’ हा बुडाखालचा डायनो (पॉवर मोजायचं मशीन) झाला. लिटरला ५० जास्त दिले की गाडी हलकी वाटतेच, नाहीतर मनाला काय सांगणार.

खरं बघायचं तर ओबीडीचा (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला लावायचा) चांगला डोंगल घे, जो फोक्सवॅगनचे आतले आकडे दाखवतो तसला (दोनशे रुपयेवाला नको, त्यात सिलिंडरवार टायमिंग दिसत नाही). तिसऱ्या गिअरमध्ये २००० ते ५५०० पूर्ण पाय, मोकळा सपाट रस्ता, तीन वेळा साध्यावर, तीन वेळा १०० वर. प्रत्येक सिलिंडरचा टायमिंग रिटार्ड, आत जाणाऱ्या हवेचं तापमान आणि बूस्ट एवढं लॉग कर. इथं टाक, मग बोलू. बाटलीचं नंतर.


विदर्भाचा_टर्बो (नागपूर)

तात्या बरोबर हाये पण एक गोष्ट राहिली न बे. हवेचं तापमान! हे पुण्या-कोल्हापूरच्या लोकांना काऊन समजत नाही माहीत नाही. आमच्याकडं मे महिन्यात दुपारी बाहेर ४५ असते. सिग्नलले पाच मिनिटं उभी राहिली की आतली हवा ६०-६५ दाखवते, मग पाय द्या, ईसीयू पहिल्या झटक्यातच टायमिंग मागं. तीच गाडी जानेवारीत सकाळी ६ ला वेगळीच असते राजेहो. मी दोन्ही लॉग करून ठेवलेत, उन्हाळ्यात साध्या पेट्रोलवर माझ्या तिसऱ्या सिलिंडरले ५-६ डिग्री मागं जाताना पाह्यलं.

म्हणून जास्त ऑक्टेनचा खरा फायदा आम्हाले उन्हाळ्यात, थंडीत पैसे वाया.

अन कुणी मोठा इंटरकुलर (टर्बोची तापलेली हवा थंड करते तो) लावा म्हणीन तर आधी विचारा कुठं लावणार. या टीएसआयमध्ये इंटरकुलर पाण्याचा असते अन तो इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला. पुढच्या बंपरमागं जाळी ठोकली अन झालं, असं नाही या गाडीत.


निवृत्त_फोरमन (ठाणे)

मी मोटारीतला तज्ज्ञ नाही, आयुष्य डिझेल लोको आणि कॉम्प्रेसरवर गेलं, पण हा विषय निघाला की मला दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर विमान आठवतं म्हणून लिहितो. कंटाळा आला तर पुढे जा.

१९४० साली इंग्रजांनी लढाऊ विमानांत ८७ च्या जागी १०० ऑक्टेनचं पेट्रोल घातलं. त्यातल्या मर्लिन इंजिनाला टर्बो नव्हता, गिअरवर फिरणारा सुपरचार्जर होता, पण हवा दाबायचं गणित तेच. ८७ वर सव्वासहा पौंड बूस्टच्या वर गेलं की इंजिन स्वतःलाच फोडून घ्यायचं. १०० वर तेच १२ पौंडांपर्यंत चालवता आलं आणि १०३० अश्वशक्तीचं इंजिन १३०० च्या पुढे गेलं. सिलिंडर तेच, आकार तोच.

पण यातली गंमत अशी की नुसतं पेट्रोल बदलून थांबले असते तर काही झालं नसतं. बूस्ट कंट्रोल बदलावा लागला. पेट्रोलनं परवानगी दिली आणि कुणीतरी ती वापरली. आज तुमचा रीमॅपवाला करतो ते हेच, फक्त पान्याच्या जागी लॅपटॉप आला.

पोलोवाल्या, तू कॉमर्सचा म्हणालास म्हणून : पेट्रोल म्हणजे मंजूर झालेली क्रेडिट लिमिट. काढलेच नाहीस तर खात्यात काय वाढणार.


थिनर_स्पेशालिस्ट (पिंपरी)

फोरमन काका एक नंबर 😄 लिमिटवालं वाक्य मी ढापणार

माझं पण ज्ञान घ्या फुकटात. १९८८ ला होंडानं फॉर्म्युला वनच्या १.५ लिटर व्ही६ टर्बोत जे ओतलं होतं त्यात ८४ टक्के टोल्युइन (थिनरमध्ये असतं ते) होतं आणि उरलेलं एन-हेप्टेन. नियमात १०२ ऑक्टेनची हद्द होती म्हणून हेप्टेन घालून ऑक्टेन मुद्दाम खाली आणलं, विचार करा. बूस्टवर पण २.५ बारची मर्यादा होती तरी त्यांनी सोळापैकी पंधरा रेस मारल्या त्या साली.

आता प्रश्न असा की आमच्या गल्लीत हार्डवेअरच्या दुकानात टोल्युइनचा कॅन मिळतो, तर... मी फक्त विचारतोय


टर्बोतात्या (पुणे)

नाही. ओतू नकोस.

होंडावाले ते पेट्रोल तापवून इंजिनात द्यायचे कारण टोल्युइन थंड असताना नीट वाफ होत नाही. तुझ्या गाडीत सकाळी स्टार्टच होणार नाही धड. दुकानातल्या कॅनमध्ये अजून काय काय मिसळलंय देव जाणे, आणि रबराचे सील, पंप, डायरेक्ट इंजेक्शनचे इंजेक्टर, सगळं धोक्यात. त्यात घरी कॅनमध्ये असलं ज्वालाग्राही साठवणं म्हणजे... जाऊ दे.

बाटलीबंद ऑक्टेन बूस्टरचं पण सांगतो आता. बाटलीवर ‘३० पॉइंट वाढवा’ लिहिलेलं असतं ना, तिथं १० पॉइंट म्हणजे १ ऑक्टेन. म्हणजे ३० पॉइंट म्हणजे ९१ चे ९४, ते पण बाटली किती लिटरसाठी आहे ते बघून. काहींमध्ये मँगनीजवालं रसायन असतं, त्यानं स्पार्क प्लगवर तांबूस थर बसतो. त्यापेक्षा सरळ एक्सपी९५ भर.


टेक्सासात_सातारकर (डॅलस)

इकडून थोडी भर घालतो कारण याच गोंधळात मी पहिल्या वर्षी पडलो होतो.

अमेरिकेत पंपावर ९३ लिहिलेलं असतं आणि भारतातून आलेला माणूस म्हणतो अरे हे तर आपल्या एक्सपी९५ पेक्षा खालचं. तसं नाहीये. भारतात आणि युरोपात जो आकडा लिहितात तो आरओएन. एमओएन म्हणजे जास्त कडक चाचणीत मोजलेला ऑक्टेन. इकडे आरओएन आणि एमओएन यांची सरासरी लिहितात, तिला एकेआय म्हणतात, म्हणून तेच पेट्रोल इकडे ४-५ नं कमी दिसतं. इकडचं ९३ म्हणजे तिकडचं साधारण ९८. हे लक्षात ठेवण्याचं कारण म्हणजे भारतातले बरेच ट्यूनर बाहेरच्या कंपन्यांच्या फाइली आणून टाकतात, आणि त्या फाइलीवर ‘९३ साठी’ लिहिलं असेल तर ती तुमच्या ९५ आरओएनवर नीट चालेल असं धरू नका, ती ९८ साठी बनलेली आहे. पोलोवाले, तुमच्या ट्यूनरला हा प्रश्न नक्की विचारा, त्याला उत्तर देता आलं नाही तर तिथून उठा.

दुसरं, इकडची टर्बो जनता १०० ऑक्टेनच्या मागे न लागता ई८५ च्या मागे असते. म्हणजे जास्तीत जास्त इथेनॉल. इथेनॉलचा स्वतःचा आरओएन १०८-१०९ च्या घरात आहे आणि वाफ होताना ते उष्णता भरपूर ओढून घेतं, त्यामुळे सिलिंडर आतूनच थंड होतो. टायमिंग मस्त पुढे नेता येतं. पण फुकट काहीच नाही, तेवढ्याच हवेला इथेनॉल जास्त लागतं, ई८५ वर साधारण ३० टक्के जास्त इंधन टाकावं लागतं, इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप तिथंच दम सोडतात. शिवाय पंपावर लिहिलेलं ८५ असलं तरी कायद्यानं ते ५१ ते ८३ टक्के काहीही असू शकतं, म्हणून लोक इथेनॉलचं प्रमाण मोजणारा सेन्सर लावतात.


घाटातला_पोलो (कोल्हापूर)

टेक्सासचे सातारकर, उसाची आमच्याकडं काय कमी नाही ओ, सगळा जिल्हाच कारखान्यावर चालतोय, इथेनॉल आमच्या दारात बनतंय म्हणायला हरकत नाही 😄 मग मी ई८५ का करू नये? इथं पण इथेनॉल १०० आलंय म्हणतात.


टर्बोतात्या (पुणे)

इंडियन ऑइलनं मार्च २०२४ मध्ये आणलं होतं काही पंपांवर, महाराष्ट्रातही. पण ते फ्लेक्स फ्युएल (पेट्रोल आणि इथेनॉल कुठल्याही प्रमाणात चालणाऱ्या) गाड्यांसाठी. तुझी पोलो २०२१ ची. ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) साठीचे पाइप, सील वगैरे एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत सक्तीचे झाले, त्यामुळे तुझ्या गाडीला आधीच पंपावरचं २० टक्के इथेनॉल सांभाळून घ्यावं लागतंय, तिला अजून छळू नको.

पण ई२० चा एक परिणाम इथं कामाचा आहे. आधी साधं पेट्रोल ९१ आरओएनचं होतं. ई२० च्या मानकात ते ९५ आहे, कारण इथेनॉलच ऑक्टेन वर ओढतं. म्हणजे ‘साधं विरुद्ध ९५’ यातला फरक आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. मायलेज मात्र कमी होणारच, इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. ऑक्टेन वाढलं आणि ऊर्जा घटली. वर मी म्हणालो ना आकडा आणि दम वेगळे, हा घे त्याचा पुरावा पंपावरच.


एकदा_फुटलंय (रत्नागिरी)

मी सहसा लिहीत नाही पण १०० च्या फाइलचं वाचलं म्हणून लिहितोय, कुणाचं नाव घेणार नाही.

माझी जुनी पोलो जीटी टीएसआय, १.२ वाली, डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). २०१८ ला एकाकडून रीमॅप केला. माणूस बोलायला गोड, डायनोचा कागद पण दिला, आणि शेवटी जाता जाता सांगितलं की फक्त चांगलं पेट्रोल भरा. चांगलं म्हणजे किती ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. सहा महिने नुसती मजा. पाय दिला की सीटला चिकटायचो.

मग गणपतीत गावी येताना, गाडीत पाच माणसं, डिकीत मखराचं सामान, रात्री दीडला जो पंप उघडा होता तिथं साधं पेट्रोल टाकलं. पुढे घाट. मॅन्युअल मोडला सहाव्या गिअरमध्ये १७००-१८०० आरपीएम, आणि मी आळशासारखा गिअर न बदलता पाय दाबून धरला, टॉर्क आहे ना खूप मग कशाला बदलायचा. दोनदा ‘टक’ असा आवाज आला. हातोडीनं लोखंडाला मारावं तसा, एकच. वाटलं दगड लागला खाली. सकाळी गाडी तीन सिलिंडरवर. खोलल्यावर दुसऱ्या पिस्टनची रिंग बसते ती कड तुटलेली. दीड लाखाच्या वर गेले, गणपती एसटीनं परत.

नंतर अभ्यास केला (बैल गेला नि झोपा केला). कमी आरपीएम आणि पूर्ण बूस्ट यात डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनात स्पार्कच्या आधीच पेट घ्यायचा प्रकार होतो, एलएसपीआय म्हणतात. त्यात नॉक सेन्सर काही करू शकत नाही कारण जे व्हायचं ते स्पार्कच्या आधीच होऊन गेलेलं असतं. टायमिंग कितीही मागे घ्या, उपयोग नाही. ऑइलचा पण संबंध असतो, इंजिन ऑइलमध्ये कॅल्शियम जास्त असेल तर हे जास्त होतं म्हणून नव्या एपीआय एसपी ग्रेडच्या ऑइलमध्ये याची चाचणी धरलेली आहे. आणि माझ्या फाइलमध्ये सगळा टॉर्क १६०० लाच ओतला होता, कारण गिऱ्हाईकाला तिथंच ‘धक्का’ जाणवतो.

रीमॅप करू नका म्हणत नाही. मी आताच्या गाडीत परत केलाय. पण कुठल्या पेट्रोलवर आणि खालच्या आरपीएमला टॉर्क किती, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.


निवृत्त_फोरमन (ठाणे)

रत्नागिरीकर, मोलाचं लिहिलंत. टॉर्कवरून थोडं गणित मांडतो, कारण पोलोवाल्याला पीएस हवेत आणि ट्यूनर बहुतेक त्याला एनएम विकणार आहे.

पीएस म्हणजे एनएम गुणिले आरपीएम भागिले साधारण ७०२०. तुमची गाडी १७५ एनएम, ४४०० ला धरा : ११० येतात. आता टॉर्क २०० केला आणि तो ५००० पर्यंत टिकवला तर १४२ पीएस. म्हणजे १४० गाठायला २४०-२५० एनएमचा डोंगर खाली १८०० ला उभा करायची गरजच नाही. खालचा डोंगर कनेक्टिंग रॉड, क्लच आणि गिअरबॉक्सच्या बोकांडी बसतो. वरचा टिकवलेला टॉर्क टर्बोला दमवतो हे खरं, छोटा टर्बो वरती हवा पुरवता पुरवता गरम होतो, पण रॉड वाकत नाहीत.

कंपन्या स्वतः हेच करतात. स्कोडा सुपर्ब १.८ भारतात मॅन्युअलमध्ये ३२० एनएमची होती आणि तीच ऑटोमॅटिकमध्ये २५०, कारण त्या ७ गिअरच्या कोरड्या क्लचवाल्या डीएसजीला २५० च्या वर झेपत नाही. पीएस मात्र दोन्हीत १८०.


घाटातला_पोलो (कोल्हापूर)

तात्या, काका, सगळ्यांनाच धन्यवाद. दोन आठवडे लागले पण अभ्यास करून आलोय.

डोंगल घेतला. सकाळी साडेसहाला मोकळ्या रस्त्यावर, शेजारच्या पोराला लॉग बघायला बसवून, तीन-तीन पळत्या. बाहेर २३-२४ डिग्री.

साधं ई२० : सिलिंडर १ आणि २ ला टायमिंग जवळपास शून्य ते दीड डिग्री मागं, ३ ला अडीच-तीन. चौथ्या गिअरमध्ये ८० ते १२० ला सरासरी ८.३ सेकंद.

एक्सपी१०० (टाकी जवळपास रिकामी करून भरलं, मग ८० किमी चालवून) : तिन्हीला शून्य, एकदाच ३ ला पाऊण. ८० ते १२० ला ८.१.

झालं. ०.२ सेकंद. एवढ्यासाठी मी तीन टाक्या बायकोपासनं लपवल्या.

दुपारी दीड वाजता ३६ डिग्रीत परत केलं, फक्त साध्यावर. सिलिंडर ३ ला साडेचार मागं आणि ८.८ सेकंद. म्हणजे नागपूरकर बरोबर, फरक पेट्रोलपेक्षा हवेचाच जास्त.


विदर्भाचा_टर्बो (नागपूर)

मंग! आमच्याकडं या मे मध्ये, ९ च्या वर दाखवतो तुले 😎


टर्बोतात्या (पुणे)

शाब्बास, दहा वर्षं फोरमवर आहे, सांगितल्यावर खरंच लॉग करून आणणारा तू तिसरा असशील.

गाडी निरोगी आहे. तिसऱ्या सिलिंडरचं लक्षात ठेव, पण त्यात घाबरण्यासारखं नाही. प्लग किती किमीचे आहेत? ५२ हजारवर मूळचेच असतील तर आधी ते बदल, बूस्ट वाढवला की जुन्या प्लगचा गॅप मोठा झालेला असतो आणि वरती मिसफायर येतो, मग लोक ट्यूनरला शिव्या देतात. एअर फिल्टर बघ. ऑइल वर रत्नागिरीकरांनी सांगितलंय तसं बघून घे.

रीमॅप कर, माझं मत तेच, पण ९५ वर. कारण सोपं आहे, तू राहतोस तिथं ९५ रोज मिळतं. इंडियन ऑइलनं डिसेंबर २०२० ला एक्सपी१०० काढलं तेव्हा पहिल्या यादीत १० शहरं होती, त्यात मुंबई-पुणे होते, आणि तेव्हापासून जे काही वाढलं असेल ते असो, रात्री दीडला घाटाच्या तोंडाशी ते मिळेल ही आशा धरू नको. १०० ची फाइल टाकलेली गाडी म्हणजे फक्त एकाच हॉटेलात जेवणारा पाहुणा. ९५ च्या फाइलवर कधी १०० भरलंस तर थोडी जास्त सवड मिळेल, उलटं केलंस तर सेन्सरच्या भरवशावर घर गाठायचं.

ट्यूनरकडून हे घे : जशी आहे तशी फाइल आधी वाचून तुझ्या पेनड्राइव्हवर. त्याच दिवशी त्याच डायनोवर आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद. चाकावरचे आकडे आणि इंजिनवरचे आकडे वेगळे असतात, कुठले लिहिलेत ते विचार, आधी चाकावरचे आणि नंतर इंजिनवरचे दाखवून २० पीएस ‘वाढवणारे’ पाहिलेत मी. आणि २००० च्या खाली टॉर्क शक्यतो कंपनीचाच ठेवायला सांग.

वॉरंटी संपलीय म्हणून सर्व्हिस सेंटरला ईसीयूवर टीडी१ चा (‘सॉफ्टवेअर बदललंय’ अशी कंपनीची नोंद) शिक्का पडायची चिंता तुला नाही, पण इन्शुरन्सवाल्यांना कळवलं नाहीस तर क्लेमच्या वेळी ते शोधतील हे धरून चाल. कॅट (एक्झॉस्टचा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून डाऊनपाइप (टर्बोच्या मागचा एक्झॉस्ट पाइप) वगैरे स्टेज २ चे चाळे नकोत, पीयूसी तर जाईलच, शिवाय कायद्यानं चालत नाही.


थिनर_स्पेशालिस्ट (पिंपरी)

टोल्युइनचा कॅन परत केला. दुकानदार घेत नव्हता, म्हणाला कलर करायचा नाही का मग


घाटातला_पोलो (कोल्हापूर)

प्लग मूळचेच निघाले, गॅप बघून मेकॅनिक हसला. नवीन टाकले. ट्यूनरला फोन करून ‘तुमची फाइल आरओएनवर आहे का एकेआयवर’ असं विचारलं, पलीकडं जरा वेळ शांतता, मग म्हणाला सर तुम्ही इंजिनिअर आहात का. म्हटलं नाही ओ, कॉमर्स. म्हणाला उद्या विचारून सांगतो.

पाच दिवस झाले, अजून फोन नाही. दुसरा बघतोय. पुणे-सातारा पट्ट्यात ९५ वर स्वतः लॉग करून फाइल बनवणारा कुणी माहीत असेल तर मेसेज करा.


एकदा_फुटलंय (रत्नागिरी)

मेसेज केलाय. त्याच्याकडे जाताना टाकी एक्सपी९५ नं भरून जा, तिथं पोचल्यावर कुठलं पेट्रोल आहे ते तो आधी विचारतो.